एकवीस दिवसांची शाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात, बरेली येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून काही बोलावे अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा मी गोंधळून गेलो. मंडळाचा इतिहास सांगण्याचा अधिकार माझ्याहून वडीलधाऱ्यांचा. साहित्य आणि संगीत यांवर बोलणारे अधिकारी वक्ते काल होऊन गेले. मी पडलो केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्यभर फायली वरखाली करणारा, पदवीने साधा बी. ए. सभेत सांगण्याजोगे मजपाशी काय असणार? तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "कोंबडीच्या पिल्लांचे सांगा. निदान मुले तरी ऐकतील." तो सल्ला मी मानला आहे. यात जे शास्त्र येईल, ते मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मुलीच्या वर्गातील शेवटच्या बाकावर बसून शिकलेले आहे. आणि यात जी चूक येईल, ती सर्वस्वी माझी आहे.

गोष्ट २०१९ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली. माझी धाकटी कन्या तेव्हा सातवीत होती. तिच्या विज्ञानाच्या शिक्षिकांनी वर्गात अंडी उबवून पिल्ले काढून दाखवायचे ठरविले. आपण ज्या गावात राहतो, तेथे ही कल्पना अगदीच परकी नाही. शेजारच्या इज्जतनगरला १९७९ सालापासून केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तेथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तर मूळची पुण्याची. १८८९ साली ती पुण्यास स्थापन झाली, १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि पुढे इज्जतनगरला आली. घरदार सोडून या मुलखात स्थायिक झालेल्या पुणेकरांची यादी करावयाची झाल्यास या संस्थेचे नाव पहिले घालावे लागेल.

पालकसभेत विषय निघाला, तेव्हा दोन प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न शाकाहारी कुटुंबांचा होता. शाळेत अंडी आणावयाची म्हणजे काय, असे काहींनी विचारले. शिक्षिकांनी शांतपणे उत्तर दिले, की ही अंडी कोणी खाणार नाही, त्यांतून जीव बाहेर यावा एवढ्यासाठीच ती आणावयाची आहेत. दुसरा प्रश्न मुख्याध्यापिका बाईंनी विचारला आणि तो पहिल्यापेक्षा अवघड होता. त्या म्हणाल्या, "पिल्ले निघाल्यावर ती जातील कोठे? याचे उत्तर मिळाल्याखेरीज मी परवानगी देणार नाही." मला हा प्रश्न फार आवडला. सरकारी खात्यांतही योजना सुरू करण्यापूर्वी तो कोणी विचारीत जाईल तर किती बरे होईल! अखेर शाळेच्या शिपाईदादांनी ती जबाबदारी उचलली. त्यांचे गाव जवळच होते आणि घरी कोंबड्या होत्या. एवढे ठरले, मगच अंडी आली.

येथे बालमित्रांची एक शंका दूर करून टाकतो. बाजारातून आपण जी अंडी आणतो, ती कितीही दिवस उबेत ठेवली तरी त्यांतून पिल्लू निघत नाही. मोठ्या पोल्ट्रीत अंडी देणाऱ्या माद्यांच्या कळपात नर नसतो. मादी नराशिवायही अंडे देते, पण ते अंडे फलित नसते. म्हणून आम्हांला कोंबड्यासह पाळलेल्या कळपातील अंडी मिळवावी लागली. अशी ३० अंडी आली. ती न धुता तशीच ठेवावयाची असतात, कारण अंड्यावर निसर्गानेच एक पातळ लेप दिलेला असतो. तो धुतला गेला, की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरण्यास वाट मिळते.

यंत्र म्हणाल तर थर्मोकोलचे एक मोठे खोके. त्यात दोन बल्ब, उष्णता आपोआप राखणारा थर्मोस्टॅट, जुन्या संगणकातून काढलेला एक छोटा पंखा, जाळी, पाण्याची थाळी आणि तापमापक. झाकणाला काचेची खिडकी. या खोक्याकडून काम एकच हवे होते. आतली उष्णता ३७.५ अंश सेल्सिअस राहिली पाहिजे आणि हवेतला ओलावा पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के राहिला पाहिजे. उष्णता थोडी उतरली तर गर्भ ते काही काळ सोसतो. दोन-तीन अंशांनी वर गेली आणि तशीच राहिली, तर मात्र तो मरतो.

मनुष्याने हा उद्योग फार पूर्वी आरंभिला. इजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून पिल्ले काढतात, अशी नोंद ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे तेथे मातीच्या विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या आल्या. त्या चालविणारे कारागीर तापमापकाशिवाय, अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत. फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. तापमापकाच्या एका मापनपद्धतीला त्याचेच नाव आहे, हा योगायोग नव्हे. जो उष्णता मोजू शकतो, त्यालाच कोंबडीची जागा घेण्याचे धाडस होते.

आणि ही कोंबडी तरी कोठली? तिचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशिया आणि आपल्या हिमालयाच्या पायथ्याची अरण्ये येथे राहणारा तांबडा रानकोंबडा. परंतु पाळीव कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग आला तो करड्या रानकोंबड्याकडून, असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला रहिवासी. जगात कोठेही पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, की तिच्या अंगात दक्षिण भारताच्या रानाचा थोडा अंश आहे असे समजावे. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मुलांपेक्षा मलाच अधिक अभिमान वाटला.

सोमवार दिनांक ४ फेब्रुवारी रोजी दुपारी अंडी खोक्यात ठेवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूस फुली आणि दुसऱ्या बाजूस शून्य काढले होते. दिवसातून तीन वेळा सर्व अंडी फिरवावयाची. फिरविली नाहीत तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. तीनच वेळा का, दोन किंवा चार वेळा का नाही? विषम संख्येमुळे रात्रीच्या लांब विश्रांतीत अंड्याची एकच बाजू रोज वर राहत नाही, म्हणून. आता शाळा दुपारी सुटते आणि रविवारी बंद असते. अंड्यांना मात्र रविवार नसतो. संध्याकाळच्या आणि सुटीच्या पाळ्या पालकांनी वाटून घेतल्या. मी शाळेच्या अगदी जवळ राहणारा, शिवाय कन्येचा हट्ट. तेव्हा सर्वांत जास्त पाळ्या माझ्याच वाट्यास आल्या.

वर्गात एक मुलगा होता गलाई व्यवसायातल्या कुटुंबातला. आपणांस सांगावयास नकोच, की सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून गेलेले आपले गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभरातील सराफ्यांत पसरलेले आहेत. या मुलाची आजी तेव्हा गावाहून आली होती. एके दिवशी ती नातवाबरोबर वर्गात आली, खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "म्हंजे ही खुडूक पेटीच की वो!" सारा वर्ग पाहत राहिला. मग आजींनी समजावून सांगितले, की कोंबडी अंडी द्यायची थांबते, डालग्याखाली फुगून बसते, जवळ गेले की अंगावर येते, तिला म्हणायचे खुडूक. मी ते हिंदीत सांगू लागलो, तो शिपाईदादा हसून म्हणाले, "आमच्याकडेही हेच म्हणतात, कुड़क!" फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले गेले. माझ्या मुलीला, जिचा जन्म आणि शिक्षण दोन्ही याच मुलखातले, मराठीचा एक शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर, त्याच्या जिवंत अर्थासह, असा मिळाला. आजींकडून आणखी एक गोष्ट समजली. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, तेव्हा थोडा वेळ अंडी उघडी पडतात. "तेवढ्यानं काय बी हुत न्हाई," असे त्या म्हणाल्या होत्या. हे वाक्य पुढे एका रात्री आमच्या फार कामी आले.

सातव्या दिवशी वर्गात अंधार करून अंडी उजेडावर पाहिली. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून आत दिवा ठेवावयाचा आणि भोकावर अंड्याचा रुंद भाग धरावयाचा. पाच अंडी नुसत्या कंदिलासारखी उजळली. आत काही नव्हते. एका अंड्यात रक्ताचे कडे दिसले. तेथे जीव धरला होता आणि चार-पाच दिवसांत गेला होता. उरलेल्या २४ अंड्यांत मात्र लाल तंतूंचे जाळे पसरलेले होते आणि मध्ये एक काळा ठिपका हलत होता. तो ठिपका म्हणजे डोळा. गर्भाचे हृदय दुसऱ्या दिवसाच्या अखेरीसच धडधडू लागलेले असते. ॲरिस्टॉटलने रोज एकेक अंडे फोडून पाहिले होते आणि तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्यात रक्ताच्या थेंबासारखे, जिवंत प्राण्यासारखे हलणारे हृदय त्याला दिसले होते. आम्हांला फोडावे लागले नाही, एवढाच काय तो दोन हजार वर्षांतला फरक. अडतीस मुलांचा तो वर्ग एवढा शांत मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

अंड्याचे कवच भिंतीसारखे बंद नसते. त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कर्बवायू आणि वाफ बाहेर येते. म्हणून अंड्याचे वजन रोज थोडे थोडे घटते आणि रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. हे दाखविण्यासाठी गलाई मुलाच्या वडिलांनी दुकानातला एक सूक्ष्म तराजू दिला. पहिल्या दिवशी ५२ ग्रॅम भरलेले एक अंडे अठराव्या दिवशी ४६ ग्रॅम भरले. सोन्याच्या तराजूवर एवढी घट आली असती तर गिऱ्हाइकाने पोलीस बोलाविले असते, येथे मात्र ते प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण होते!

बाराव्या रात्री, म्हणजे शनिवारी १६ तारखेस, रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. शाळेच्या चौकीदाराचा फोन आला. बरेलीची फेब्रुवारीतली रात्र आपणांस ठाऊकच आहे. मी गरम पाण्याच्या दोन पिशव्या घेतल्या. सौ.नी माझ्या आईच्या हातची गोधडी काढून दिली. आम्ही पोहोचलो तो खोक्यातला पारा ३४ वर आलेला. पिशव्या बाजूंना लावल्या, वरून गोधडी पांघरली, शिक्षिकाबाईही आल्या. तरी पारा उतरतच होता. साडेबाराला तो ३१ वर आला. तेव्हा माझ्या मुलीने आपल्या वर्गमित्राच्या घरी फोन केला. त्याचे वडील सराफ्यातून दुकानाचा इन्व्हर्टर उचलून घेऊन आले. येताना त्यांच्या मोटरसायकलवर मागे मुलगा बॅटरी मांडीवर धरून बसलेला. मी संकोचाने म्हटले, "भाऊ, एवढ्या रात्री तुम्हांला त्रास दिला." ते म्हणाले, "साहेब, आमचं सोनं १०६४ अंशांना वितळतं, ती आच आम्ही रोज सांभाळतो. साडेसदतीस अंशांनी आम्हांला हरवायचं म्हणजे काय!"

दिवा लागला. पारा हळूहळू चढला. मी रात्रभर त्या आजींचे वाक्य मनात घोळवीत बसलो. त्यांचे म्हणणे खरे ठरले. गर्भ थंडी सोसू शकतात. दुसऱ्या दिवशी उजेडावर पाहिले तेव्हा सर्व हलत होते. त्या रात्रीपूर्वी त्या गृहस्थांशी माझा परिचय गणपतीत आरतीला शेजारी उभे राहण्यापुरता होता. आज ते आपल्या कार्यकारिणीत आहेत आणि समोरच बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

अठराव्या दिवशी अंडी फिरविणे बंद करावयाचे. त्या दिवशीच्या पाहणीत आणखी दोन गर्भ निश्चल आढळले. उरली २२. या सुमारास पिल्लू वळून चोच हवेच्या पोकळीकडे नेते. आता खोक्यातला ओलावा पासष्ट-सत्तर टक्क्यांपर्यंत वाढवावयाचा आणि झाकण उघडावयाचे नाही. शिक्षिकाबाईंनी मोठ्या अक्षरांत कागद चिकटविला होता, "झाकण उघडू नये." मी स्वतः तो वाचला होता. सरकारी माणूस आहे, सूचनाफलक वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

विसाव्या दिवशी, रविवारी, खोक्यातून चिवचिव ऐकू आली. अंडी अजून अखंड दिसत होती आणि आतून आवाज येत होता! पिल्लू प्रथम आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास तेथे घेते. मग चोचीच्या टोकावर उगवलेल्या इवल्याशा कठीण उंचवट्याने कवचाला टोचा मारते. मग ते थांबते. तासन्‌तास थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ते थकले, अडकले, मेले. वस्तुतः त्या वेळात दोन मोठी कामे चाललेली असतात. पापुद्र्यावर पसरलेल्या रक्तवाहिन्यांतले रक्त परत शरीरात ओढून घेतले जात असते आणि उरलेला पिवळा बलक पोटात सामावला जात असतो. हा बलक म्हणजे त्याची शिदोरी. तिच्या जोरावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय राहू शकते. एका दिवसाची पिल्ले लांबच्या गावी पाठविता येतात ती याच कारणाने.

हे सारे मला आज ठाऊक आहे. त्या रविवारी संध्याकाळी ठाऊक नव्हते. पाळी माझी होती आणि मी वर्गात एकटाच होतो. दोन पिल्ले बाहेर येऊन ओलीचिंब पडली होती. तीन अंड्यांना टोचे पडले होते. त्यांपैकी एकातून दुपारपासून चोच दिसत होती, पण पुढे काही घडत नव्हते. चिवचिव क्षीण होत चालल्यासारखी वाटली. मी घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले. आणि मी झाकण उघडले.

ते अंडे हातात घेऊन मी कवचाचे तुकडे नखाने काढू लागलो. दोन-तीन तुकडे निघाले आणि पापुद्र्यातून रक्त आले. मी घाबरलो. अंडे परत ठेवले, झाकण लावले, पुन्हा राहवेना म्हणून उघडून पाहिले. या साऱ्यात सहा-सात मिनिटे गेली असतील. माघातली ती कोरडी थंड हवा आत शिरली, ओलावा निघून गेला. काचेवरची वाफ मावळली हे माझ्या डोळ्यांसमोर झाले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. ओलावा गेला की टोचा पडलेल्या अंड्यातला पापुद्रा वाळून कागदासारखा ताठ होतो आणि पिल्लाला आतल्या आत आवळून धरतो. सोमवारी सकाळपर्यंत मी हाताळलेले पिल्लू मेले होते आणि शेजारची टोचा पडलेली दोन अंडीही गप्प झाली होती.

दुपारपर्यंत बाकीची पिल्ले एकामागून एक बाहेर आली. आदल्या दिवशीची दोन धरून एकूण १६. तीन अंडी टोचा न पडताच राहिली. आणि तीन मी सांगितली ती. ओली, केविलवाणी पिल्ले काही तासांत कापसाच्या गोळ्यांसारखी झाली, मुले आनंदाने वेडी झाली. मीही टाळ्या वाजविल्या. मनात मात्र वेगळेच चालले होते.

शिक्षिकाबाईंनी भिंतीवर एक तक्ता लावला होता. अंड्याचा क्रमांक, निष्पत्ती आणि कारण. टोचा पडून मेलेल्या तीन अंड्यांपुढे कारणाचा रकाना रिकामा होता. मुले विचार करू लागली. कोणी म्हणाले, वीज गेली होती म्हणून. कोणी म्हणाले, अंडीच अशक्त होती. शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही, पण काचेवरचे बोटांचे ठसे त्यांनी पाहिले असावेत.

मित्रहो, माझी सारी हयात कारणाचे रकाने भरण्यात गेली आहे. 'असे आढळून आले', 'विलंब घडून आला', 'अनवधानाने राहून गेले' ही वाक्यरचना मला झोपेतही जमते. त्या वाक्यांत कर्ता नसतो. चूक घडते, पण ती कोणी करीत नाही. त्या क्षणी तेच वाक्य जिभेवर आले होते, की उबवणीत असे व्हायचेच. ते पूर्णपणे खोटेही नव्हते. परंतु अडतीस मुलांनी एकवीस दिवस वहीत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. एका मुलाने सकाळच्या पाळीला उशीर झाला, तर "मी उशिरा आलो" असे लिहून खाली सही केली होती. आपल्याकडे म्हणतातच, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. येथे तर झाकण उघडणाराच कोंबडे झाकावयास निघाला होता.

मी उभा राहिलो आणि हिंदीत सांगितले, "झाकण मी उघडले. सूचना वाचूनही उघडले. मला वाटले, मी त्याला मदत करतो आहे." वर्ग गप्प झाला. माझ्या मुलीची मान खाली गेली होती. ती उठली आणि तक्त्याच्या त्या रकान्यात तिने तीनदा लिहिले, "बाबांनी झाकण उघडले." मराठीतच लिहिले. कोणी तिला हिंदीत लिही असे सांगितले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "अंकल, आम्ही असतो तर आम्हीही उघडले असते." न्यायनिवाडे मी पुष्कळ वाचले आहेत, इतका उदार निवाडा वाचलेला नाही.

पिल्ले सहा दिवस वर्गात होती. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करावी लागते. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून पाणी दाखवावे लागते. हाताळण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुण्याचा नियम कडक होता, कारण दिसावयास निरोगी असलेल्या पिल्लांपासूनही माणसाला पोटाचे विकार होऊ शकतात. मग शिपाईदादांनी ती गावी नेली. जाण्यापूर्वी एका मुलीने विचारले, यांतले नर किती? साधारण निम्मे, असे शिक्षिकाबाईंनी सांगितले. नरांचे पुढे काय होते? त्यांनी ते लपविले नाही. खेड्यात एखादा कोंबडा राखतात, बाकीचे खाल्ले जातात. आणि अंड्यांसाठी चालविलेल्या मोठ्या उबवणी केंद्रांतून तर नर पिल्ले जन्मतःच मारली जातात. मुले रडली. काही देशांना ही गोष्ट टोचू लागलेली आहे. जर्मनीने २०२२ सालापासून ती प्रथा कायद्याने बंद केली. आपल्या ताटातले अंडे कोठून येते हे मुलांना कळले. खावयाचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण कळले पाहिजे.

मंडळातील काही पालकांनी मजकडे हा प्रयोग आपल्या मुलांच्या शाळांत करण्याविषयी विचारणा केली आहे. त्यांना थोडे सांगतो. पिल्लांचे घर आधी ठरवा, अंडी मागाहून आणा. विजेची दुसरी सोय करून ठेवा. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका. आसपास पक्ष्यांत रोगाची साथ असल्यास प्रयोग मुळीच करू नका. भारतात २००६ साली बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला तो आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला, आणि तेथील कुक्कुटपालकांची काय दैना झाली हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. आणि शेवटचे, अठराव्या दिवसानंतर झाकणाला कुलूप लावा व किल्ली माझ्यासारख्या दयाळू माणसाच्या हाती देऊ नका.

माझी ती कन्या २०२४ साली शिकण्यासाठी पुण्यास गेली. आपल्या पिढीने घर सोडून इकडे यावे आणि मुलांनी घर सोडून तिकडे जावे, असा हा उलटा प्रवास. पहिल्या महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. खोलीवर जमत नव्हते, वर्गातल्या मुली तिच्या मराठीला हसत होत्या. मी लगेच गाडीचे वेळापत्रक काढले, पिशवी भरली. सौ. काही बोलल्या नाहीत, फक्त कपाटातून ती गोधडी काढून समोर ठेवली. मी पिशवी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती गोधडी पार्सलने पुण्याला गेली. मी गेलो नाही. ते तीन आठवडे मला फार जड गेले, हे कबूल करतो. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला तो वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगितलेल्या 'खुडूक पेटी'विषयी. तिच्या मराठीला आता कोणी हसत नव्हते, उलट हा शब्द त्यांनाच ठाऊक नव्हता!

ऊब द्यावी, ओलावा राखावा, रात्री-अपरात्री धावून जावे. हे आपण मंडळी पन्नास वर्षे एकमेकांसाठी करीत आलो आहोत आणि तेच या मंडळाचे काम आहे. झाकण मात्र आतल्या जिवाने आपल्या वेळी उघडावे.